कुंकवाचं बोट

खंडेनवमीला ऑफिसातल्या यंत्रांची पूजा करताना सुकन्यानं प्रिंटरलाही कुंकवाचं बोट लावलं. सुट्टी संपली आणि प्रत्येक कागदावर बोटाचा काळा ठसा उमटू लागला.

"कुंकू आत गेलं असंल की, मॅडम," म्हणत दुरुस्तीवाल्या सिद्धरामनं टोनर बदलला, मग ड्रम बदलला. ठसा जाईना. उलट दर कागदाला त्यातल्या रेषा ठळक होत चालल्या. मधोमध विळीनं कापल्याची आडवी खूणसुद्धा उठली.

सुकन्या चक्रावली. ती खूण तिच्याच बोटावरची होती.

"लईच चक्रम मशीन हाय," म्हणत सिद्धरामनं वायर उपसली.

घरी निघताना तिनं हजेरीच्या यंत्रावर तेच बोट टेकवलं. यंत्रानं ओळखलं नाही. पदराला पुसून पुन्हा टेकवलं, तरी नाही.

तिनं बोट उजेडात धरलं. त्यावर एकही रेष नव्हती. विळीची खूणही नव्हती.