पात्यावरचा बाण

"घणाचे घाव घातलेस तर आख्खी गल्ली गोळा होईल. त्यापेक्षा कुलूप काप. गाजावाजा होत नाही," म्हातारी मुलाला म्हणाली.

मुलानं उगारलेला घण खाली ठेवला. लोखंडी जाळीच्या दारापलीकडे त्याची बायको लेकीला पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती. ओठ फाटलेला, आतून लावलेल्या कुलपाची किल्ली मुठीत. मागे खिडकीसुद्धा नाही अशी ती कोठीची खोली. तिच्या भावाला तेवढा फोन लागला होता. निघालो म्हणाला होता, पण तो पोचेपर्यंत कुलूप टिकलं तरच ती टिकणार होती. दार उघडलं की आज हा सोडणार नव्हता. तसं त्यानं सांगितलंच होतं.

सासूचं बोलणं सुनेला खरंच वाटेना. इतके दिवस ती याच बाईच्या पाठीमागे लपली होती. "आई, अहो, हे काय सांगताय त्यांना!"

"तू गप गं! नवऱ्याला उलट बोलताना कुठं गेली होती अक्कल?" म्हातारी खेकसली आणि आपल्या नवऱ्याची हत्यारांची पत्र्याची पेटी घेऊन आली.

नवरा फिटर होता. तो गेला, तरी त्याच्या लोखंड कापायच्या हॅक्सॉच्या पात्यांना तिनं गंज चढू दिला नव्हता. तेलाचं बोट फिरवून, कागदात गुंडाळून एकेक पातं जपलेलं. मुलगा मात्र बापानं हाक मारली की मागच्या दारानं पसार. शेवटी म्हाताऱ्यानं सुनेलाच कामाला उभं केलं होतं.

म्हातारीनं हॅक्सॉच्या चौकटीत पातं अडकवलं. पेच काही धरेना.

"आण इकडे, मी लावतो."

"नको, बोट कापून घेशील." तिनं पेच करकचून आवळला. त्यानं एकदा जरी पात्याकडे नीट पाहिलं असतं, तर पहिला घाव तिच्याच डोक्यात बसला असता.

कुलपाची कडी जाळीतून बाहेर आलेली. तिच्यावर पातं ठेवून तो घासायला लागला. पातं नुसतं घसरायचं.

"धार कुठाय याला?"

"कोरं आहे रे, सुरुवातीला घसरतंच. पुढे ढकलताना सगळा जोर दे, मागे आणताना हात हलका सोड. तुझे बाबा असंच कापायचे."

ते अगदी खरं होतं. बाप असाच कापायचा. मुलगा तसंच करू लागला. म्हातारी मधूनमधून कडीवर तेल सोडत होती. कडीपेक्षा तिच्या लुगड्यावरच जास्त सांडत होतं.

सून जाळीतून त्या पात्याकडे बघत राहिली. मरण किती पुढे आलं ते बघावं तशी. बघता बघता तिची नजर पात्यावरच्या छोट्या बाणावर अडली. बाणाचं टोक मुठीकडे होतं.

बाण मुठीपासून लांब जाणारा हवा, तरच पुढे ढकलताना दाते लोखंडाला चावतात, हे सासऱ्यांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तरी एकदा तिनं उलटं लावलंच. तेव्हा ते पोट धरून हसले होते. "सूनबाई, असं जन्मभर घासलंस तरी लोखंडाला गुदगुल्याच होतील!"

तिनं सासूकडे पाहिलं. सासू मान वर करेना.

"छे! हे काही कापत नाही." मुलानं हॅक्सॉ आपटला. "घणच बरा. येऊ दे गल्ली यायची ती."

म्हातारीच्या हातातली तेलाची बाटली गळून पडली.

तोच सून गुडघ्यांवर कोसळली आणि किंचाळली, "अहो, नका हो! आतल्या बाजूनं निम्मी कापली गेलीय कडी! पाया पडते तुमच्या, थांबा!"

तो हसला. घणाकडे गेलेला हात मागे घेऊन त्यानं हॅक्सॉ उचलला.

म्हातारी कंबर धरून कण्हत घणावरच बसली.

"घाई करू नकोस बाळा," ती म्हणाली. "पात्याच्या कामाला दम धरावा लागतो."