रिकाम्या धक्क्यावरचा दोर

लढाई जिंकून नौदलाचा ताफा भर दुपारी बंदरात शिरला, तेव्हा लोकांनी टाळ्या आणि बँडच्या गजरात बंदर डोक्यावर घेतलं. जहाजांचे दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांना अडकवायचं काम तात्यांचं. एकेक करत त्यांनी सगळी जहाजं बांधली. शेवटचा धक्का तेवढा रिकामा राहिला. तिथलं जहाज लढाईत बुडालं होतं, आणि तात्यांचा मुलगा त्याच जहाजावर आचारी होता.

तात्यांनी त्या खुंटालाही दोर अडकवला आणि दुसरं टोक पाण्यात सोडून दिलं.

"तात्या, तिथं आता कोण येणार आहे?" मुकादम हळूच म्हणाला.

"ताफा आलाय ना? मग पुरा बांधायचा."

मुकादम पुढं काही बोलणार, तोच पाण्यात लोंबणारा दोर सरळ झाला आणि बघता बघता ताठ झाला. खुंट करकरला. धक्क्याला लावलेले जुने टायर कोणीतरी रेटावेत तसे चपटे झाले. समोर नुसतं पाणी होतं.

बँड थांबला. टाळ्याही थांबल्या.

"उतरायची शिडी लावा," तात्या म्हणाले.

"टेकवू कशावर?" मुकादमाची बोबडी वळली होती.

"लावा तर खरं."

शिडीचं पुढचं टोक पाण्यावर अधांतरी टेकलं आणि तिथंच राहिलं. तात्यांची छाती फुगली. त्यांनी वळून बँडवाल्यांना दरडावलं, "थांबलात का? वाजवा."

बँड पुन्हा सुरू झाला, आणि शिडीच्या फळ्या त्या टोकापासून एकामागून एक दबत धक्क्याकडे येऊ लागल्या.