अठ्ठावीस मीटर खाली

"उद्या नाही, परवा," तिने भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "परवा सकाळी नऊ ते पावणेदहा पाणी थांबलेलं असतं. ओढ नसते. तेवढ्यात उतरून वर यायचं."

टेबलापलीकडे चौघं बसले होते. एकाच ऑफिसातले, वर्षातून एकदा रजा काढून कुठल्या ना कुठल्या समुद्रात बुड्या मारणारे. अख्खी बोट त्यांनाच हवी होती.

"ह्याचं नाव आधी लिहा," दाढीवाल्याने शेजारच्या जाड्या मित्राच्या पाठीवर थाप मारली. "पोहण्याची बोंब आहे, पण बुडतो छान."

सगळे हसले. तीही हसली. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

जी बुडालेली बोट बघायला ते निघाले होते, ती अकरा वर्षांपूर्वी प्रवाशांसकट कातळावर आपटली होती. तिचा नवरा त्या बोटीचं इंजिन सांभाळायचा. पाणी वर चढू नये म्हणून त्याने इंजिनरूमचं लोखंडी दार आतून लावून घेतलं. वरचे एकशे सहा प्रवासी होड्यांत उतरले. ते दार मग कुणालाच उघडता आलं नाही. सरकारी पाणबुडे दोनदा आले आणि हात हलवत गेले. पुढे दिराने डायव्हिंगवाल्यांसाठी बोट घेतली, आणि धक्क्यावरच्या या खोलीत बुकिंगला ती बसू लागली. येणाऱ्या दहांपैकी आठांना तीच बुडालेली बोट बघायची असायची.

"अठ्ठावीस मीटर खोल," ती नेहमीसारखं एका दमात सांगू लागली. "तळाशी वीस मिनिटं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. जिना बघता येतो, स्वयंपाकघर बघता येतं, कप्तानाची केबिन बघता येते. इंजिनरूम बंद आहे."

"होती," दाढीवाला म्हणाला. "आता उघडलीय की!"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"माझा मित्र मागच्या आठवड्यात जाऊन आला, तुमच्याच बोटीने. बिजागऱ्या गंजून दार पडलंय. हे बघा." त्याने फोन तिच्यापुढे धरला.

तिने चष्मा लावला. हिरवं पाणी, गंजाचे पापुद्रे, आणि मधोमध दाराएवढा काळोख. आतलं काहीच दिसत नव्हतं.

"मोठं करू?" म्हणत त्याने दोन बोटं फिरवली. काळोख तेवढा मोठा झाला.

तेवढ्यात हवेचा सिलिंडर खांद्यावर घेऊन दीर आत आला. फोन बघून उंबऱ्यातच थबकला.

"भाऊजी, दार पडलंय?"

त्याने सिलिंडर खाली टेकवला. "जरा बाहेर या, वहिनी."

बाहेर धक्क्यावर तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. "सांगणारच होतो. धीर होईना. बंदराच्या ऑफिसात त्याच दिवशी कळवलं. म्हणाले, हंगाम संपला की माणसं पाठवू. रोज फोन करतोय."

"तोवर कुणाला नेऊ नका तिथे."

"आपण नाही नेलं तर पलीकडच्या धक्क्यावरून जातील. आजच दोन बोटी गेल्यात. समुद्राला कुलूप कसं घालू, वहिनी? तुम्हीच सांगा."

समोर त्यांची बोट लाटांवर हलत होती. डेकवर धुतलेले रबरी सूट वाळत पडले होते.

"तुम्ही गेलात आत?" तिने विचारलं.

"दारापर्यंत. पुढे जाववलं नाही."

ती परत आत येऊन खुर्चीवर बसली. आधी आत कोणी शिरायचं यावर चौघांची हुज्जत चालली होती.

"मॅडम, इंजिनरूमसाठी पाच मिनिटं वाढवून मिळतील?"

"नाही. वीस म्हणजे वीस."

तिने फॉर्म पुढे ओढले. नावं लिहिली, वयं लिहिली, रक्तगट लिहिले. "घरच्या कुणाचा तरी नंबर द्या. काही झालं तर कळवायला लागतं."

"बायकोचा लिहा," दाढीवाला म्हणाला. "पण ती माझा फोन उचलत नाही, तुमचा काय उचलणार!"

पुन्हा हशा झाला. या वेळी तिला हसायला जमलं नाही. तिने नंबर लिहिला, एकदा वाचून दाखवला. मग पेन तसंच धरून तिने विचारलं, "आत पहिलं कोण जाणार?"

"मीच. कॅमेरा माझ्याकडे आहे ना."

"टॉर्च केवढा आहे?"

"हा एवढा!" त्याने दोन्ही हात फाकवले. "आत शिरून लावला की दिवस उगवल्यासारखं लख्ख."

तिने फॉर्म सहीसाठी त्याच्याकडे वळवला, पण कागदावरचा हात काढला नाही.

"तेवढा तो एकदम लावू नका," ती म्हणाली. "आधी खाली जमिनीकडे धरा. मग हळूहळू वर घ्या."

"का, गाळ उठतो का?"

"नाही," ती म्हणाली. "झोपेतून उठल्यावर ह्यांना एकदम उजेड सोसत नाही."