सेटचे सगळे अर्थ

“सेट! बोला, किती अर्थ?” बाईंनी हातातला कागद वर धरला.

“कपांचा सेट. टेनिसचा सेट. सिनेमाचा सेट,” सर म्हणाले.

“हे तर शेंबडं पोरही सांगेल. पुढे?”

“जेली सेट होते. घड्याळ आपण सेट करतो. आणि... आणि...”

“सूर्य, सर, सूर्य! तोही सेट होतो!”

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी बाई नवऱ्याला सरच म्हणत. कॉलेजात त्यांच्या इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर बसायच्या, तेव्हाची सवय. पाहुणे हसायचे, सर लाजायचे.

तेवढ्यात लेक तणतणतच आत आली. “बाबा, पुन्हा गॅस चालू! परवा किल्ल्या फ्रिजमध्ये, काल दार सताड उघडं. आई, तू तरी लक्ष ठेव ना!”

“तिला कशाला ओरडतेस?” सर घाईने म्हणाले. “मीच गं तो. माझंच डोकं ठिकाणावर नसतं हल्ली.”

लेकीने हात टेकले होते. मागच्या वेळी डॉक्टरांनी ‘सेट’चे अर्थ विचारले, तर सरांचं सगळं लक्ष बाहेर बसलेल्या बाईंकडे; तीनवर अडकले. इंग्रजीचे मास्तर, आणि तीनवर! आज पुन्हा तपासणी होती. आजही अडले तर घर बंद. बाबा वृद्धाश्रमात, आई लेकीकडे. बायकोपासून लांब राहणं सरांना मान्यच नव्हतं. म्हणून ही सकाळपासूनची उजळणी.

दवाखान्यात तिघं डॉक्टरांसमोर बसली. सरांनी तारीख सांगितली, वार सांगितला, उलटे आकडे म्हणून दाखवले. मग आला तो शब्द, आणि सर जे सुटले! कप, टेनिस, जेली, सूर्य. केस सेट करतात, टेबल सेट करतात, मोडलेलं हाडही सेट करतात.

“पुरे, सर, पुरे!” डॉक्टर हसत सुटले. “तुम्हाला काहीही झालेलं नाही. डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. खुशाल घरी राहा.”

लेकीच्या जिवात जीव आला. तिने बाबांना मिठी मारली आणि डोळे पुसत आईकडे वळली. “ऐकलंस ना, आई?”

सर गडबडीने मध्ये आले. “चला, चला, उशीर होतोय.”

पण बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी लेकीला नीट न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, “सर हुशारच आहेत हो. पण ताई, तुम्ही त्यांच्या कोण?”