बारावी जागा

वॉशिंग मशीनने शेवटचा गचका दिला आणि टुंई केलं, तेव्हा कुठे तिला जाणवलं की घरात बऱ्याच वेळात कुणी बोललेलंच नाही. मुलगी पलंगावर पालथी पडून शुद्धलेखन लिहीत होती. भाऊ आपल्या खोलीत दार लोटून बसला होता. आणि ती स्वतः ओले कपडे तसेच सोडून मोबाइलमध्ये डोकं घालून होती.

चाहत्यांच्या गटात पुन्हा तोच विषय पेटला होता. जिराफ.

जिराफ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारा, म्हणून बास्केटबॉलवाल्यांनी ठेवलेलं नाव. त्यांच्या क्लबची एक जुनी रीत होती. मोठ्या संघातले अकरा जण प्रशिक्षक निवडायचा आणि बारावा चाहत्यांनी मतं देऊन ठरवायचा. आज संध्याकाळी मतदान संपणार होतं. निवड झाली की पोराने बॅग भरायची आणि दूर संघाच्या वसतिगृहात जाऊन राहायचं.

गटात सगळे टोपणनावाने वावरायचे. गट सांभाळायची ती. शिव्या पुसायची, भांडणं मिटवायची. ती जिराफची बहीण आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती तिथे आहे हे तिने भावालाही सांगितलं नव्हतं. उगाच त्याच्या डोक्याला ताप नको.

बेकरीवाल्याचं म्हणणं, एवढ्या लांब हातांचा पोरगा पुन्हा मिळायचा नाही, त्याला आत्ताच उतरवा. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते डावा हात अजून कच्चा होता, वर्षभर धाकट्या संघात मुरू द्यावा. त्यावर बेकरीवाल्याने विचारलं, मुरायला तो काय लोणचं आहे? हे वाद तिला आवडायचे. त्यात माया होती.

तिला खुपायचं ते फक्त एकाचं लिहिणं. ‘जुना पंच’. कुणी निवृत्त पंच असावा असं सगळे धरून चालले होते. तो विनोद करत नसे, कुणाशी भांडतही नसे. रोज तेच लिहायचा. शेवटच्या सत्रात या पोराचे हात थरथरतात. गर्दीचा आवाज चढला की त्याला रिंग दिसेनाशी होते. त्याला घेऊ नका.

रिंग दिसेनाशी होते! जसा काही हा गृहस्थ पोराच्या डोळ्यांत शिरून बसलाय. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात तिचा जन्म चालला होता. मागच्याच आठवड्यात तिने भावाला दुकानात नेऊन खुर्चीत बसवलं होतं आणि सगळ्यात खालची ओळ वाचून घेतली होती. एक अक्षर चुकला नव्हता. घरी आल्या आल्या तिने गटात ठणकावून लिहिलं होतं, की त्याची नजर लख्ख आहे, खात्रीच्या ठिकाणी तपासलीय. पंच त्यावर काही बोलला नव्हता.

पण पोरगा मात्र वाळत चालला होता. ताटातलं चिवडायचा. चेंडू पिशवीतून बाहेर येत नव्हता. आई गेल्यापासून हिनेच त्याला वाढवलेलं. त्याचा चेहरा तिला न विचारता वाचता यायचा. कुठून तरी त्या पंचाचं विष याच्या कानावर जात असणार. आज निवड हुकली तर हा पोरगा कायमचा खचेल, या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळीच तिने त्याला विचारलं होतं.

“लोक काय लिहितात ते बघतोस का रे?”

“नाही बघत, ताई.”

“मग असा का बसलायस?”

त्याने नखं पाहिली. “तुमच्या दुकानात भिंगं घासायला माणूस लागतो का?”

ती हसली होती. एवढा उंच माणूस त्या माळ्याखाली मावायचा कुठे, म्हणाली. तोही हसला होता. असंच विचारलं, म्हणाला.

मोबाइल थरथरला. जिराफची आणि दुसऱ्या एका खेळाडूची मतं बरोबरीत आली होती, आणि पंचाने पुन्हा लिहिलं होतं: ‘हा मुलगा एक दिवस मैदानावरच कोसळेल. मग म्हणू नका की कुणी सांगितलं नव्हतं. कृपा करा, त्याला घरी राहू द्या.’

खाली तीन-चार जणांनी लगेच माना डोलावल्या. बेकरीवाल्यानेसुद्धा आपलं मत बदलावं की काय, असं विचारलं.

तिला संताप आला. टीका ती पोटात घालत आली होती, पण हे तर पोराचं वाईट चिंतणं झालं. आजवर तिने या गटातून कुणालाही काढलं नव्हतं. तिचं बोट क्षणभर थांबलं आणि दाबलं गेलं.

मुलगी केव्हाची खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. “काय केलंस?”

“एका दुष्ट माणसाला बाहेर घालवलं.”

मग तिने जीव ओतून लिहिलं. ज्याला आपल्याच माणसांचा विश्वास मिळाला नाही, तो खेळाडू वाढणार कसा? बेकरीवाल्याने ते उचलून धरलं. एकेक करत मतं वळली. मुदत संपली तेव्हा बारावी जागा जिराफची झाली होती, आणि ती ओल्या कपड्यांच्या ढिगात बसून हसत होती, रडत होती.

“जा, मामाला सांगून ये,” ती मुलीला म्हणाली. “म्हणावं, आता बॅग भर.”

मुलगी उड्या मारत गेली. परत यायला तिला वेळ लागला. आली ती पाय ओढत, आणि नेहमीसारखी कुशीत न शिरता दारातच उभी राहिली.

“काय म्हणाला गं?”

“काहीच नाही. तो रडतोय.”

“आनंदाने रडतात कधीकधी माणसं.”

मुलीने मान हलवली. “मी त्याचा मोबाइल पाहिला,” ती म्हणाली. “आई, तू मामाला गटातून का काढलंस?”