पिवळी बाई

“साफ करतेच आहेस, तर तेवढी ती बाई पुसून टाक,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा हात थांबला. जुनी चित्रं साफ करणं हा तिचा व्यवसाय. आज टेबलावर घरामागच्या बागेचं चित्र होतं, सासऱ्यांनी तरुणपणी काढलेलं. सासरे आता नव्हते. जवळून पाहिलं तर नुसते रंगांचे फटकारे. जरा मागे सरलं की झाडं, विहीर, गवत आणि बाकावर ती पिवळी बाई. ऊन मधासारखं. घरात सगळे चित्राला ‘संध्याकाळ’च म्हणत.

“कोण होती ती, आई?”

“मला काय विचारतेस? पिवळं मी जन्मात अंगाला लावलं नाही. आणि संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून मान वर करायची सोय नव्हती. नोकरीभर हे चित्र त्यांच्या ऑफिसात टेबलासमोर होतं. निवृत्त झाले, तेव्हा कुठे मला दिसलं.”

“मग विचारलं नाहीत?”

“आणि त्यांनी खरं सांगितलं असतं तर?”

सुनेने कापसाचा बोळा भिजवला. बाकापासूनच सुरुवात केली. बोळा पिवळा झाला. दुसराही. वर्षानुवर्षांत पिवळं पडलेलं जुनं व्हार्निश निघत होतं आणि खालून भलतंच काही वर येत होतं. गवतावर दवाचे पांढरे ठिपके आले. पिवळ्यात बुडालेल्या लांब निळ्या सावल्या आल्या. तिने मान तिरकी केली.

“आई, बागेत सूर्य कुठून उगवायचा?”

“विहिरीमागून. का गं?”

“सावल्या विहिरीकडून इकडे आल्यात. सगळ्याच्या सगळ्या. ही संध्याकाळ नाही, सकाळ आहे.”

सासूबाई उठून आल्या. वाकून पाहिलं, मग मागे सरल्या. बाई आता पांढऱ्या कपड्यांत होती. मांडीवर गुलाबी रंगाचा एक इवलासा ठिपका.

“अगं देवा,” त्या खुर्चीला धरून म्हणाल्या. “सकाळी तिथं मीच बसायचे. तुझ्या नवऱ्याला पाजायला.”

सुनेने बोळा बाजूला ठेवला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. “आज घरात जेवण मिळणार आहे की नाही?” टकलावरून हात फिरवत सासूबाईंचा मुलगा आत आला.

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नजर चित्रावरून हलली नाही.

“हळू बोल, मेल्या. आत्ताच कुठे डोळा लागलाय तुझा.”