निखाराची शीळ

पोहऱ्याच्या जंगलात पुंडलिककाका दरसाल विणीच्या दिवसांत आवाजावरून पाखरं मोजत. बारीक शीळ घालणारा निखार वर्षागणिक कमी होत गेला, तसा काकांचा जीवही अर्धा होत गेला. यंदा पुतणी मैथिली सोबत होती.

"लिहून टाक पोरी, निखार संपला."

"संपला? काका, डोक्यावर गलका करून राहिले न ते! तुमाले ऐकू नाई येत?"

काकांनी वर पाहिलं. फांदीवर लाल छातीची पाखरं चोची उघडत-मिटत होती. त्यांची बारीक शीळ मात्र कानी येईना.

मैथिली वरमली. "काका, कानाच्या डॉक्टरले दाखवू."

"दाखवू सावकाश." काकांनी हसून हात जोडले. "देवा, कानच गेले ना माहे? जाऊ दे. मले वाटलं, पाखरं गेली."